मागच्या बाजूचा डोंगर

गाऱ्हाणं म्हटलं की मुंबईच्या माणसाला वाटतं कुणीतरी तक्रार घेऊन आलंय. नळाला पाणी नाही, लिफ्ट बंद आहे, असलं काहीतरी. आमच्या मालवणी मुलखात गाऱ्हाणं म्हणजे देवाशी उभ्या उभ्या बोलणं. घरातला कर्ता पुरुष हात जोडून मोठ्याने बोलत जातो. बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुझी वेडीवाकडी सेवा केली आसा, ती मानून घे. काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल. आणि प्रत्येक वाक्य संपलं की मागे उभी असलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!"

हे मागचं "व्हय म्हाराजा" नसेल तर ते गाऱ्हाणं नव्हे. एकट्याने पुटपुटायचं असेल तर ती झाली प्रार्थना, ती कुणीही कुठेही करावी. गाऱ्हाण्याला हुंकार लागतो. एवढं कळलं की माझी पुढची सगळी गोष्ट कळली.

आमच्या घरात गाऱ्हाणं घालायचे ते आमचे हे. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर मुलुंडच्या एका लहान कारखान्यात लागले, आणि तिथेही मशीन बिघडलं की आधी गाऱ्हाणं, मग मेकॅनिक. घरी नवा फ्रिज आला तरी त्याच्यासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं. मुलगा दहावीला बसला तेव्हा एवढं लांबलचक घातलं की पोराची बस चुकली. आम्ही हसायचो, पण मागून "व्हय म्हाराजा" म्हणायला चुकायचो नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा वांद्र्याला त्या मोठमोठ्या काचेच्या ऑफिसांपैकी एकात आहे. हुशार आहे, मायाळू आहे, पण गाऱ्हाणं त्याच्या तोंडात बसत नाही. ह्यांच्यानंतरच्या पहिल्या गणपतीला त्याने मोबाइलमध्ये बघून वाचलं. वाचलं, हो. गॅसच्या पावतीसारखं.

आता माझ्या मैत्रिणींबद्दल सांगते. मुलुंड पूर्वेला आमची जुनी चाळ पाडून टॉवर झाला, त्याच्या आवारात एक सिमेंटचा बाक आहे. संध्याकाळी पाचला आम्ही चौघी तिथे. एक निवृत्त शिक्षिका, तिला सगळी बिल्डिंग बाई म्हणते. एक बँकेतून निवृत्त झालेली, ती बँकवाली. एक महापालिकेच्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं नोकरी केलेली नर्स, तिला आम्ही सिस्टर म्हणायचो. आणि मी, सातवीपर्यंत शिकलेली. तिघींना देवधर्माचं वावडं. बाईंचं वावडं पुस्तकातलं, बँकवालीचं कंटाळ्याचं. सिस्टरचं वेगळं होतं. ती बौद्ध. आज्याचं गाव परभणीकडचं, वाढली घाटकोपरला टेकडीवरच्या वस्तीत. देव तिच्या घरातून तिच्या बापाने हाताने उचलून बाहेर नेले होते. त्यामुळे ती देवाला नाही म्हणायची ते सवयीने नव्हे. घरात काय होतं नि ते का गेलं, हे तिला माहीत होतं.

आणि माझं सगळ्यात जास्त तिच्याशीच जमायचं. का, ते विचारू नका. एखाद्या माणसाजवळ बसलं की पाय दुखायचे थांबतात, तसं.

गेल्या वर्षी श्रावण संपत आला तेव्हा मी बाकावर जाहीर केलं, "यंदा गाऱ्हाणं मी घालणार. बायकांनी घालू नये म्हणतात, म्हणू देत. तुम्ही तिघींनी यायचं आणि मागून व्हय म्हाराजा म्हणायचं."

बँकवाली म्हणाली, "म्हणजे तू अर्ज करणार आणि आम्ही सह्या करायच्या?"

"तसंच समज."

"मग तुझ्या देवाला केवायसी लागेल गं. आधार, पॅन, दोन फोटो."

बाई म्हणाल्या, "मला एक सांग, तो सर्वज्ञ आहे ना? मग त्याला तोंडी का सांगावं लागतं? वॉर्ड ऑफिसात बसलाय का तो, फाईल पुढे सरकवली की मग बघणार?"

मी म्हटलं, "बाई, देवाला कळावं म्हणून नाही सांगत. आपल्याला ऐकू यावं म्हणून सांगतो. चार माणसांसमोर 'माझं चुकलं, पोटात घाल' असं मोठ्याने म्हणून बघा एकदा. तुमच्या शाळेत कधी म्हणालात?"

बँकवाली हसली. "मारला षटकार," म्हणाली, "पण तरी मी फक्त मोदकांना येणार."

"आणि तू?" मी सिस्टरला विचारलं.

"येईन. दरवर्षी येतेच की. पण ते म्हणणार नाही."

"दोन शब्द तर आहेत."

"दोनच आहेत म्हणून तर," ती म्हणाली.

मला लागलं ते. ह्या तिघींकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. मग मी माझ्याकडचं सगळ्यात मोठं काढलं. लहानपणची ही गोष्ट मी पोरांना, नातीला सांगत आलेय, ह्या तिघींना कधी सांगितली नव्हती. माझ्या माहेरच्या गावी देवळात जत्रेच्या दिवशी गाऱ्हाणं व्हायचं. गुरव, गावकर, मानकरी, सगळा गाव सभामंडपात दाटीने उभा. मी पाच-सहा वर्षांची, वडिलांच्या खांद्यावर. गाऱ्हाणं सुरू झालं की गाव म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" आणि क्षणभराने, सगळं शांत झाल्यावर, देवळाच्या मागच्या बाजूने पुन्हा यायचं, बारीक, लांबून, "व्हय म्हाराजा..." मी वडिलांना विचारलं, कोण बोलतं? ते म्हणाले, डोंगर. आमच्या देवाला डोंगरसुद्धा हुंकार देतो.

"आणि मी सात-आठ वर्षांची झाले," मी सांगत होते, "त्या वर्षी डोंगर बोललाच नाही. गाव म्हणाला, आणि पुढे काहीच नाही. मी कान लावून होते. वडिलांना विचारलं तर म्हणाले, डोंगर रुसलो. मग कधीच बोलला नाही तो. तुम्ही हसता, पण आमच्याकडे दगडधोंड्यालासुद्धा समजत होतं कुठे हो म्हणायचं ते."

बँकवालीला आवडली गोष्ट. "काय सांगतेस! झकास आहे हे," म्हणाली. बाईंनीसुद्धा मान हलवली.

सिस्टर चपलेच्या टोकाने जमिनीवरचं पान इकडून तिकडे सरकवत होती. तिने विचारलं, "कुठल्या बाजूला होता डोंगर?"

"सांगितलं ना, मागच्या बाजूला."

"मागच्या बाजूला काय होतं नक्की? आठव."

"अगं डोंगर. कोकण आहे ते, डोंगराशिवाय काय असणार!"

ती साडेसहाला उठून गेली, रोजच्यासारखीच, "चला, कुकर लावायचाय" म्हणत.

घरी येऊन मी मेथी निवडायला बसले आणि डोळ्यासमोर देऊळ आणलं. पुढे दीपमाळ. उजवीकडे विहीर आणि वड. डावीकडे वाट, ती आमच्या वाडीला यायची. मागे चिऱ्यांचा गडगा, कंबरेएवढी दगडी भिंत. गडग्यापलीकडे... मेथीची जुडी संपली तरी डोंगर काही मला दिसेना. डोंगर होता, पण तो विहिरीच्या बाजूला, लांब, नदीपलीकडे. देवळाच्या मागे सपाट होतं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावी चुलतभावाला फोन लावला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, कान अजून शाबूत. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "दादा, देवळाच्या मागे कुठला डोंगर रे?"

"खयचो डोंगर? खुळावलंस काय गो? थय मळो आसा."

"मग जत्रेला मागून व्हय म्हाराजा कोण म्हणायचं?"

तो हसला. सहज हसला, त्यात वाईट काही नव्हतं, तेच मला अजून खुपतं. "अगो, ते! मळ्याच्या पलीकडे त्येंची वाडी नाय? ते गडग्याच्या भायर उभे रवत. गडग्याच्या आत येवची त्येंका चाल नव्हती. गाऱ्हाणा कानार पडाक येळ लागा, म्हणान मागसून म्हणत."

"आणि मग बंद का झालं?"

"त्येंनी धर्म बदललानी मा. मगे येवचे बंद झाले. तुझ्या बापाशीक लय राग इलो हुतो तेव्हा. तुका म्हायत नाय?"

मला माहीत नव्हतं. साठ-बासष्ट वर्षं मी माणसांना डोंगर म्हणत होते. आणि ज्याच्या खांद्यावर बसून मी ऐकलं तो माझा बाप, ज्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही, ज्याच्या अंगाला तंबाखूचा आणि उन्हाचा वास यायचा, त्याला सगळं माहीत होतं. लेकीने विचारलं, कोण बोलतं, तर त्याला कोण ते सांगता आलं नाही. बोट दाखवता आलं नाही. डोंगर म्हणाला. कोपऱ्यात बसलेल्या मांजराबद्दल बोलावं इतक्या सहज.

मी दोन दिवस बाकावर गेले नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टरच वर आली, दुसऱ्या मजल्यावरून सहाव्यावर, जिन्याने, कारण लिफ्ट बंद. धापा टाकत खुर्चीत बसली. "ताप आलाय का? हात बघू." आणि नाडी धरली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी कुणाचाही हात हातात घेतला की तिची बोटं आपोआप नाडीवर जायची.

मी सांगितलं सगळं. डोंगर नव्हता, मळा होता, गडगा होता.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "तू सांगायला लागलीस तेव्हाच."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तू म्हणाली असतीस, ही नेहमीचं काढते. तुझं तू शोधलंस ते बरं झालं."

"तो रुसला नव्हता मग."

"रुसायला काय झालं? उठून गेला." नाडी सोडून तिने माझा हात माझ्या मांडीवर ठेवला. "माझा आजा आमच्या गावात असाच उभा राहायचा. देऊळ वेगळं, भाषा वेगळी. उभं राहायची जागा तीच."

मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडणं मला पटेना. कुणी कुणासमोर रडायचं याची पण एक रीत असते. मी चहा टाकला. चहा पिताना म्हटलं, "तरी मी गाऱ्हाणं सोडणार नाही हं. माझ्याकडे दुसरं काही नाही. ह्यांचा आवाज त्याच्यात आहे, आईचा आहे, माझी सगळी भाषा तेवढ्यातच उरलीय. इथे मालवणीत मी आता फक्त देवाशी आणि चुलतभावाशी बोलते."

"सोड कोण म्हणालं तुला?" तिने बशी खाली ठेवली. "घाल की. पण डोंगराची गोष्ट पोरांना परत सांगू नकोस."

गणपती आले. आरती झाली. मुलगा, सून, नात, समोरच्या फ्लॅटमधली दोन माणसं, बाई, बँकवाली, सगळे उभे. सिस्टर नेहमीसारखी दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तिची ती रीत होती, हात जोडायची नाही, पण शेवटचा मोदक संपेपर्यंत हलायची नाही. मी पदर खोचला आणि सुरुवात केली. बा देवा म्हाराजा. आवाज लागला. पहिल्या वाक्याला मुलाने आणि सुनेने बारीक आवाजात "व्हय म्हाराजा" म्हटलं. दुसऱ्या वाक्याला नात खुदकन हसली. बँकवालीने चक्क म्हटलं, मोठ्याने, मला बरं वाटावं म्हणून. बाई मोबाइलवर शूटिंग करत होत्या.

मग ती ओळ आली, जिथे हे गावातल्या देवा-माणसांची नावं मानाप्रमाणे घ्यायचे. बारा-पाचाच्या म्हाराजा, गावकर, मानकरी, सगळे उतरंडीने. इथे त्यांचा आवाज चढायचा, छाती फुगायची. ही ओळ मला तोंडपाठ आहे, झोपेतून उठवलं तरी येईल. त्या दिवशी ती घशाशी आली आणि अडकली. कारण उतरंड म्हटली की खालची पायरी आली, आणि खालच्या पायरीच्या पलीकडे गडगा आला. मी तोंड उघडून उभी. पंखा फिरतोय, समईची वात हलतेय, सगळे वाट बघतायत.

"आई विसरली," मुलगा हळूच म्हणाला. आणि मोबाइल काढून शोधायला लागला बिचारा.

मी ती ओळ टाकली आणि पुढे गेले. चुकलं-माकलं पोटात घाल म्हाराजा. इतकी वर्षं म्हणत आले, पण काय चुकलं ते डोळ्यासमोर ठेवून पहिल्यांदाच म्हटलं.

नंतर मोदक खाताना सिस्टर म्हणाली, "आवाज चांगला आहे तुझा. मधे थांबलीस ती का?"

"पुढचं येईना."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. "तूप वाढ अजून थोडं," एवढंच म्हणाली.

त्या थंडीत सिस्टरचं जेवण कमी झालं. आधी म्हणाली ॲसिडिटी. मग बाकावर येणं दिवसाआड झालं. रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरने तोंड उघडायच्या आधी तिने स्वतःच वाचले आणि घडी घालून पिशवीत टाकले. तिची मुलगी घाटकोपरला असते, ती इथे राहायला आली. बाई आणि बँकवाली फळं घेऊन जायच्या, पंधरा मिनिटं बसायच्या, बाहेर येऊन लिफ्टमध्ये रडायच्या.

मला येतं काय? मला गाऱ्हाणं येतं. कुणी आजारी पडलं की आमच्याकडे हेच करतात, नारळ ठेवायचा आणि म्हणायचं, ह्या लेकराची इडापिडा टाळ. सिस्टरच्या पलंगाशी बसले की ते शब्द माझ्या जिभेवर येऊन बसायचे, नुसते येऊन बसायचे. तिने ते ओळखलं. जानेवारीतली दुपार असेल. तिची मुलगी औषधं आणायला खाली गेली होती.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "माझ्या नावाने गाऱ्हाणं घालायचं नाही."

"मी कुठे..."

"तुझे ओठ हलतात गं. मी पस्तीस वर्षं पेशंटच्या उशाशी बसणाऱ्या बायकांचे ओठ बघितलेत. नाही म्हणजे नाही. शब्द दे."

"अगं पण तुझं काय जातं? तू मानू नकोस. मी मानते ना. माझं मी म्हणेन, माझ्या घरात."

"माझं जातं." ती उशीवर थोडी वर सरकली, दम लागला तिला. "माझ्या माणसांनी बाहेर उभं राहून लय वेळा हो म्हटलंय. पिढ्यान् पिढ्या हो म्हटलंय. मग एक दिवस ते नाही म्हणाले. ते नाही माझ्याकडे आलंय. मरताना ते हातातून सोडायचं नाही मला. तू माझं नाव तिथे घेतलंस की मी परत त्या गडग्याशी जाऊन उभी राहिले. कळलं?"

"कळलं."

"शब्द दे."

दिला. इतका जड शब्द मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता.

"मग मी काय करू?" मी विचारलं. खरंच विचारलं, मला सुचत नव्हतं.

"पेज आण. तुमच्याकडची ती पातळ, मीठ घातलेली. आणि येऊन बस."

मग मी रोज पेज नेली. उकडा तांदूळ मऊ शिजवून, वरचं पाणी जास्त, किंचित मीठ. आधी वाटीभर घ्यायची, मग अर्धी, मग चार चमचे. शेवटी नुसता वास घेऊन म्हणायची, "आज खाल्ल्यासारखं वाटलं." मी संध्याकाळी घरी येऊन दिवा लावायची आणि दिव्यासमोर तोंड घट्ट मिटून उभी राहायची. सगळ्यांची नावं घ्यायची, मुलाचं, सुनेचं, नातीचं, चुलतभावाचं, आणि तिच्या नावाशी आले की ओठ दातांत धरायची. देवाला कळत असेलच म्हणा. बाई म्हणतात ना, सर्वज्ञ आहे. पण आमच्याकडे जे मोठ्याने बोललं नाही ते मागितलं नाही. मी मागितलं नाही.

एकदा मात्र घसरले. होळीच्या आसपास तिला खूप दुखत होतं, मी बघून आले आणि देवासमोर उभी राहिले न राहिले तोच तोंडातून निघालं, "बा देवा म्हाराजा, माझ्या मैत्रिणीची..." आणि तिथेच जीभ चावली. रक्त आलं. दुसऱ्या दिवशी तिला सांगून टाकलं. मला वाटलं रागावेल. ती हसली, हसताना कळ आली तिला, पोटाला हात लावून हसली.

"अर्धाच अर्ज गेला का? मग रिजेक्ट होईल. सही नाही, शिक्का नाही."

"तुला काय वाटतं, मी पूर्ण केला असता तर..."

"नाही," ती म्हणाली. आणि मग बराच वेळ माझ्या मनगटावर बोटं ठेवून पडून राहिली. ती मोजत होती की नुसती धरून होती, मला कळलं नाही.

चैत्र लागता लागता ती गेली. सकाळी साडेदहाला, तिची मुलगी आणि मी दोघी जवळ होतो. मी काहीही म्हटलं नाही. तोंडात काही नसताना कुणाला जाऊ देणं काय असतं, ते ज्यांच्या घरात आवाजाची सवय आहे त्यांनाच कळेल. पुढे कितीतरी दिवस मला वाटत राहिलं, पूर्ण केला असता अर्ज तर? ह्या वाटण्याला अजूनही उत्तर नाही. शब्द पाळला याचं समाधान वाटतं का, असं बाईंनी विचारलं एकदा. मी म्हटलं, नाही वाटत. पाळला एवढंच.

तिच्या पुण्यानुमोदनाला आम्ही तिघी गेलो. घाटकोपरला तिच्या लहानपणीच्या वस्तीजवळ एक हॉल आहे, तिथे. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मला पांढऱ्याची सवय नाही, मी फिकट निळी नेसले होते, ती त्या सगळ्यांत उगाच उठून दिसत होती. खाली सतरंज्या घातलेल्या. बाई आणि बँकवाली पुढे जाऊन बसल्या. माझे गुडघे खाली बसू देत नाहीत, म्हणून दाराशी, चपला काढलेल्या होत्या तिथे, एका प्लास्टिकच्या खुर्चीत मी बसले. तिची मुलगी येऊन म्हणाली, "मावशी, पुढे खुर्ची लावते, या ना." मी म्हटलं, "राहू दे गं. मला इथे वारा लागतो." तिला शंभर कामं होती. तिने माझा खांदा दाबला आणि गेली.

समोर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, सिस्टरचा नर्सच्या टोपीतला तरुणपणीचा फोटो. भंतेजी म्हणू लागले. भाषा मला कळत नव्हती, पण चाल कळत होती. एक म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात. मला एकदम घरच्यासारखं झालं, आणि लगेच ह्या वाटण्याची लाज वाटली. शेवटी सगळा हॉल एका आवाजात म्हणाला, "साधु, साधु, साधु."

मला कुणी सांगितलं नव्हतं की तिथे काय म्हणायचं. म्हणावं की नाही, हेही माहीत नव्हतं. सगळे म्हणून झाले, हॉल शांत झाला, मेणबत्तीच्या धुराचा वास आला, आणि तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, बारीक, घोगरं, "साधु..."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने मागे वळून बघितलं, कोण म्हणालं ते.

यंदाच्या गणपतीला दाराजवळची खुर्ची सुनेने काढून ठेवली होती, जागा होईल म्हणून. बँकवाली आली, बाई आल्या. बाईंनी मोबाइल पर्समध्येच ठेवला. मी पदर खोचला. बा देवा म्हाराजा. मागून मुलगा, सून, नात, बँकवाली, सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." बाईंचा आवाज त्यात होता की नव्हता, मी मागे वळून बघितलं नाही. नात आता हसत नाही, चांगलं खणखणीत म्हणते.

त्यांचं म्हणून झालं. मी पुढचं वाक्य घेतलं नाही. थांबले. मळा ओलांडून आवाज यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ. तिचं नाव घेतलं नाही, शब्द दिला होता.

"आजी विसरली वाटतं," नात कुजबुजली.

"थांब जरा," बँकवाली तिला म्हणाली.

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते पीं पीं वाजत होतं. ते संपलं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून काही आलं नाही. येणार नाहीच, ते मला ठाऊक आहे. मी अजून थोडी थांबले, मग पुढचं वाक्य घेतलं. काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल.

पुढच्या प्रत्येक वाक्याला तेवढीच थांबत गेले. गाऱ्हाणं लांबलं. मोदक गार झाले.